प्रश्नानंतर

नारिनच्या दोन नंबरच्या शाळेत शनिवारी प्रशिक्षण.
अत-बाशीहून आम्ही पाच जणी, एका मार्शरुत्कात,
सहाव्या सीटवर बटाट्यांचं पोतं, ते गुल्झातच्या वहिनीचं.
काचेला आतून बर्फ.
मी छप्पन्न वर्षांची. दोन वर्षांनी पेन्शन.
आता मला काय शिकवणार, म्हणाले,
आणि तरी वही नवी घेतली होती.

पूर्वी मी रशियनची बाई.
एका उन्हाळ्यात खात्याचं पत्र आलं:
सप्टेंबरपासून इंग्रजी.
तेव्हा रात्री धडा वाचायचा, सकाळी शिकवायचा,
मुलांच्या पुढे एक पान,
कधीकधी अर्धंच.

बिश्केकहून आलेली झीपारा माझ्या मुलीहून लहान.
मला वाटलं, रंगीत कागद आणले असतील, टाळ्यांचे खेळ असतील.
तिने एकच काम दिलं:
तुमचा एक तास फोनवर रेकॉर्ड करा, घरी ऐका,
आणि मोजा, प्रश्न विचारल्यावर
तुम्ही किती वेळ गप्प राहता.

एवढंच?
एवढंच, म्हणाली, आणि चहाची सुट्टी झाली.

मंगळवारी रात्री, नवरा झोपल्यावर,
चुलीजवळ बसून ऐकलं.
कोण ही बाई?
प्रश्न हिचा, उत्तर हिचं, शाबासकीही हिचीच.
मध्ये एक सेकंद. कधी तोही नाही.
बाविसाव्या मिनिटाला मी विचारते, तुझे वडील काय करतात,
आणि मागच्या बाकावरून एक ‘माय...’,
सुईच्या टोकाएवढा,
त्याच्यावर माझा आवाज येऊन पडतो
कोळशाची पाटी ओतावी तसा.
मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा.
बेगाइम.
तीन वर्षं तिच्या नावापुढे मी लिहीत आले: बोलत नाही.

आमच्या भाषेत क्रियापद शेवटी येतं,
कळपामागून मेंढपाळ यावा तसं.
सगळी मेंढरं पुलावरून जाऊ द्यायची,
मग तो दिसतो.
इंग्रजीत तो पुढे धावतो.
मुलीला आपला मेंढपाळ मागून उचलून
पुढे आणून ठेवायचा असतो,
वेळ लागतो त्याला.
हे मला कुणी सांगायला हवं होतं?
मलाच तर लागला होता तो, त्या उन्हाळ्यात.

बुधवारी विचारलं. तोच प्रश्न, तिलाच.
आणि जीभ दातांखाली धरून मोजू लागले.
बिर. एकी.
शेगडीत कोळसा फुटला.
उच.
अझामतने हात वर केला, मी बघितलंच नाही.
तोर्त. बेश.
एवढी शांतता मी फक्त परीक्षेत ऐकली होती.
बाहेर कुणीतरी घोड्याला शिव्या देत होतं.
अल्ती.
खडू मुठीत मोडला.
जेती.

“माय फादर इन मॉस्को,” बेगाइम म्हणाली.
“ही नो कॉल.”

आता खरं तेच सांगते:
मी गहिवरले वगैरे नाही.
एकतीस वर्षांची जीभ, दातांखालून सुटली
आणि तिने आपलं काम केलं.
“ही डझ नॉट कॉल,” मी म्हणाले.

बेगाइमने मान हलवली.
“ही डझ नॉट कॉल,” ती म्हणाली,
अगदी स्वच्छ, शेवटच्या ‘ल’सकट,
आणि वहीत लिहून घेतलं.

वाक्य बरोबर होतं.
त्याच्यानंतर किती थांबायचं
ते झीपाराने सांगितलं नव्हतं.

शनिवारी विचारीन.
मार्शरुत्का सात वाजता निघते.