ळ शिकवताना

फाटकावर 'दलवी' लिहिलं होतं.
रंगाऱ्याला ळ येत नव्हता
आणि तीन पिढ्यांत कुणी तो पुसून नीट केला नाही.
टेम्पोवाल्याने मला कंपूपाशी उतरवलं.
जानेवारी. धुकं असं की
अख्खा किल्ला कुणी उचलून नेलाय.
वय अठरा, पाठीला कॉलेजची सॅक,
काम: आठ वर्षांच्या जुईलीला मराठी शिकवणे.
राहणं-जेवण कोठीत.
वरच्या मजल्यावर जायचं नाही.

जुईली म्हणायची डोला, आभाल, केल.
"जीभ मागे वळव," मी सांगायची,
"टाळूला टेकव, आणि सोड."
ती सोडायची, आणि ल पडायचा
बशीतून सांडलेल्या चहासारखा.

रात्री वरून आवाज यायचा.
पावलांचा नव्हे, रडण्याचाही नव्हे,
कुणी परातीत तांदूळ पाखडतंय असा.
आणि दगडी जाळीच्या भोकांतून उजेड,
शेगडीतल्या निखाऱ्यासारखा, श्वास घेणारा.
"घुबडं आहेत," काकीसाहेब म्हणाल्या.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नाव राजलक्ष्मी.
कुणी त्या नावाने हाक मारली
की त्या क्षणभर उशिरा वळायच्या,
जणू शेजारच्या बाईला बोलावलंय.

मग त्यांचा मुलगा. उदयन.
एकोणीस वर्षांचा, बोटांना गजकचे तीळ चिकटलेले.
"जवल बस," म्हणाला,
आणि मी शिकवणारी असून दुरुस्त केलं नाही.
हे मुद्दाम लिहून ठेवतेय,
पुढे जे झालं त्यात
मी फार शहाणी होते असं वाटू नये म्हणून.

संक्रांतीला त्याने विचारलं. मी हो म्हणाले.
मग म्हणाला, "नाव आईने ठरवलंय.
आमच्यात बदलतात.
तांदलात अंगठीने लिहायचं, झालं."
"आणि जुनं?"
हसला. त्याने विचारच केला नव्हता कधी.
"जुनं कुठे जाणार? घरातच राहतं."

वर तांदूळ पाखडले गेले.

जुईलीच माझं बोट धरून जिना चढली.
टाळं मोठं, पण जाळी उघडी.
आत पराती. प्रत्येकीत एक नाव
जळत होतं आणि संपत नव्हतं.
ज्योती सोळा-सतरा वर्षांच्या मुलींएवढ्या उंच.
एकीने वेणी घातली होती.
शेवटची परात रिकामी,
तांदूळ नुकतेच धुतलेले.

जुईलीने जाळीला नाक लावलं
आणि वाचू लागली, अक्षराला अक्षर लावून:
द्वारका. येसू. चिमणा.
"मं... जु..."
थांबली. जीभ मागे. टाळूला.
"ळा."

जिन्यात किल्ल्या पडल्या.
काकीसाहेब उभ्या होत्या,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर वळलेल्या.
"ओ," म्हणाल्या.

दार कुणी उघडलं, मला सांगता येणार नाही.
उद्या लष्करात म्हणतील, आग लागली.
आग लागली नाही. आग घराबाहेर पडली,
एकेक पायरी, पदर सावरत,
आणि तिच्यापुढे धुकं फाटत गेलं
पार किल्ल्यापर्यंत.
किल्ला जागेवरच होता.

आता बसस्टँड. सकाळचे सहा.
उदयन आलाय. भुवया करपलेल्या,
मुठीत तांदूळ, का ते त्यालाही ठाऊक नाही.
"आई गेली," म्हणतो. "त्यांच्याबरोबर. हसत होती."
मग, "मृणाल..."
मी खिडकीची काच सरकवते.
"मृणा..." जीभ धडपडते, पुन्हा ल.
ड्रायव्हर चहा पितोय.

मी त्याच्यासाठी थांबलेली नाही.
पण बस सुटेपर्यंत शिकवायला
माझी हरकत नाही.