पाच टक्के

संत्रं तुटलं म्हणजे मेलं, असं नसतं.
कळमन्याच्या ढिगात, ताडपत्रीखाली, हमालाच्या पाठीवर
ते श्वास घेत असतं.
सोललं तरी घेतं.
फोडी वेगळ्या केल्या की उलट जोरात घेतं,
घाबरलेल्या माणसासारखं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं.
तरी हिंगण्याच्या शेडमध्ये, मृगाच्या मालावर,
पहिल्या खेपेला मी सगळा प्राणवायू काढून टाकला.
वाटलं, श्वासच नको, म्हणजे सडणंही नको.
डब्यात निव्वळ नायट्रोजन,
वर ढोलकीसारखी ताणलेली फिल्म.
सहाव्या दिवशी उघडला.
शेवंताबाई उईके वाकल्या, हुंगलं,
मनगटानं हसू झाकलं:
"मॅडम, हे तं मोहाची झाली."

मग भोकं.
केसाहून बारीक, लेझरनं पाडलेली.
एका फिल्मवर सहा, एकीवर नऊ, एकीवर चौदा.
पाच टक्के प्राणवायू,
दहा टक्के फोडींचाच उच्छ्वास,
बाकी नायट्रोजन, कशातच भाग न घेणारा,
लग्नात खुर्च्या भरायला बोलावलेल्या पाहुण्यांसारखा.

ईश्वर मेश्राम डबे पाण्याच्या टाकीत दाबून धरायचा.
बुडबुडा आला की डबा बाद.
एका सकाळी चाळीस बाद.
सीलचं तापमान बघितलं, दाब बघितला,
मशीनवाल्याला पुण्याला दोनदा फोन लावला.
शेवंताबाईंनी काठावरून बोट फिरवलं
आणि सीलमधून एक पांढरी शीर ओढून काढली,
फोडीवरची, सुताहून बारीक.
तेवढ्या फटीतून अख्खं नागपूर आत येत होतं.

अख्खं नागपूर.
त्याचा हिशेब मी धरलाच नव्हता.
भोकं मोजली होती चार अंशांवर.
एप्रिलच्या शेवटी वीज गेली, बाहेर चव्वेचाळीस,
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
शीतखोलीचा काटा नऊ, बारा, सोळा,
आत फोडींना धाप लागलेली,
फिल्मला आतून घाम.
मी स्टूलावर बसून नुसती बघत होते.

नंतर सगळं पुन्हा मोजलं.
वर्धा रोडवर जेवायला थांबलेल्या ट्रकसाठी मोजलं,
रात्री बिल वाचवायला फ्रीज बंद करणाऱ्या
एका न पाहिलेल्या दुकानदारासाठीही मोजलं.

बैतुले साहेबांना डब्यावर एकवीस दिवस हवे होते.
"एकवीस म्हटलं की दिल्लीवाला फोन उचलतो."
माझे कागद बारा म्हणत होते.
मी दहा छापायला दिले.
ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
शेवंताबाईंना वेगळीच शंका:
"दहा दिस कोन ठेवते जी संत्रं घरी?"

खरंच कोण ठेवतं.
इथं पेटी फोडली की दिवेलागणीला
पायरीवर सालांचा ढीग
आणि शेजारच्या पोरांच्या डोळ्यांत उडवलेला रस.
हा सगळा खटाटोप
कुणा तिसऱ्याच गावच्या माणसासाठी,
ज्याला साल सोलायला वेळ नाही
किंवा ज्याचे हात आता सोलत नाहीत.

दहाव्या दिवशी चौघं बसलो.
पाणी, मूठभर मुरमुरे, एकेक फोड.
ईश्वर म्हणाला, चालते.
साहेब काहीच म्हणाले नाहीत, पण दुसरी घेतली.
शेवंताबाईंनी बराच वेळ तोंडात धरली.
"झोपेतून उठल्यावानी लागते," म्हणाल्या,
"पन संत्रंच हाये."
शेरा या रकान्यात मी तेच लिहिलं, जसंच्या तसं.

डब्यावर छापलंय,
घटक: संत्र्याच्या फोडी.
हवेचं नाव कुठंच नाही.
फिल्म ओढली की अगदी बारीक आवाज होतो
आणि वर्षभराचं माझं काम
खोलीतल्या हवेत मिसळून जातं.
कुणाचं लक्ष नसतं.
मी मात्र दर वेळी जरा वाकते.