आंधळी नळी

हेलेद आली तेव्हा मी दुसऱ्याच गाडीखाली होतो.
आधी तिचे बूट दिसले, मागोमाग आवाज:
"सायलेन्सर बदलायचाय. मोठा आवाज नको. वेगळा हवा."

असं सहसा कुणी मागत नाही.
पोरं येतात ती म्हणतात, कॅट काढून टाक,
सरळ पाइप दे, सगळ्या ब्लायनायला कळू दे.
त्यांना मी चहा पाजतो
आणि आल्या वाटेने परत लावतो.

गाडी हिरवी, एकवीस वर्षांची, तिच्या बापाची.
डिकीच्या कोपऱ्यात अजून पाटीच्या दगडाची भुकटी.
तेक्विन एकतीस वर्षं खाणीतल्या करवतीपुढे उभा राहिला
आणि करवतीनं त्याचे कान वरून खाली खात आणले:
आधी पाखरं गेली,
मग किटलीची शिट्टी, मग टेलिफोन,
मग हेलेद.
तळाचं तेवढं उरलंय.
दगडाचा ट्रक कळतो. ढग कळतात.
चॅपलमधल्या ऑर्गनचा सगळ्यात जाड नळा कळतो,
तोही म्हणे बाकातून, पाठीला.

"मी घरात आले तरी त्याला पत्ता नसतो.
खांद्याला हात लावला की दचकतो.
रोज दचकतो."

मी नुसताच फडक्याला हात पुसत राहिलो.

कॅटला हात लावला नाही.
त्याच्या मागे पाइप घातला, स्टीलचा,
कोपरात सुरकुती न पडू देता वाकवलेला,
आणि शेवटी पोट मोठं असलेला डबा,
आवाज आत जाऊन बसावा, आणि बसून बोलावा असा.
चालू केली. खर्ज लागला.
फळीवरचे नट हळूच सरकले.

पण खिंडीच्या चढावर, अडीच हजार फेऱ्यांना,
अशी भणभण सुटली की डोक्यात गांधीलमाश्यांनी घर केलं.
हेलेद रोज त्या चढाने कामाला जाते.
एका बापासाठी
दुसरं माणूस बहिरं करून चालत नाही.

म्हणून आंधळी नळी.
मुख्य पाइपला बाजूने जोडलेली, टोकाला बंद.
आवाज वाट चुकून तिच्यात शिरतो,
बंद टोकाला आपटतो, उलटा फिरतो,
आणि बाहेर येऊन स्वतःलाच गप्प करतो.
तेवढाच एक सूर. बाकीच्यांना धक्का नाही.
लांबी जमायला तीन दिवस गेले, चार नळ्या वाया.
पाचवी बसली.
(माझ्या बायकोचं मत असं की मलाही एक बसवावी.)

राहिला इद्वल. वार्षिक तपासणी त्याच्याकडे.
नियमात आकडा नाही, एवढंच लिहिलंय
की त्याच जातीच्या धड गाडीपेक्षा आवाज फार वाढलेला नसावा.
फार म्हणजे किती, ते इद्वलच्या कानाने ठरवायचं,
आणि इद्वल पळवाट ठेवत नाही,
सख्ख्या भाच्याची मोटार नापास केलेला माणूस.
त्यानं बोनेट उघडलं, खाली वाकला,
माझे सांधे नखाने खरवडून पाहिले.
मग इंजिन चढवलं, डोळे मिटले.
मग डोळे उघडले आणि बाकाखाली पाहिलं,
तिथे त्याची म्हातारी कुत्री झोपलेली.
पुन्हा चढवलं.
कुत्रीनं एक कान हलवला, शेपटीवर नाक टेकलं.
"पास," इद्वल म्हणाला.
कुणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी हेलेदचा फोन.
ती गल्लीच्या तोंडाशी वळली,
फाटक उघडायला उतरली,
तर तेक्विन दारात उभा.
आठ वर्षांत पहिल्यांदा, तिच्या आधी.
हातात चहाचा कप, त्यातला चहा
अजून बारीक थरथरत होता, ती म्हणाली.

"आणि? काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझा सायलेन्सर फुटलाय.
कुण्या भामट्याकडून बसवलास?
उद्याच्या उद्या दुरुस्त करून आण."

बिल अजून बाकी आहे. मी मागत नाही.