डाव्या सीटवरून

भाचा म्हणतो, "मावशी, चारी मॉडेलं तू चालवलीस,
खरं सांग, त्यातली घेण्यासारखी कोणती?"
पहिली चूक इथेच.
मी चालवली नाहीत रे. चालवू दिली.
एकतीस वर्षं डाव्या बाजूला बसून,
पायाशी माझा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच,
हातात काही नाही.

तरी ऐक.
पहिली डबी (आम्ही डबीच म्हणायचो)
तिचा पत्रा इतका पातळ
की चिमणबागेत पोरांचा रबरी बॉल लागला तरी पोचा यायचा,
आतून अंगठा दाबला की टुक् करून भरायचा.
डिसेंबरात चोकची घुंडी ओढून पाच मिनिटं मनधरणी.
मे महिन्यात रेक्झिन पाठीला चिकटायचं,
उतरताना स्वतःला सोलून काढायचं.
गियर चारच. पण तिसरा कुठे आहे
ते तळहाताला ठाऊक असायचं,
झोपेत पांघरुणाचं टोक सापडतं तसं.

दुसरीचे कोपरे घासून गोल केले.
कार्बोरेटर गेला, तेव्हा महू नाक्यावरचा अब्बास मिस्त्री
बोनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला.
म्हणाला, "दीदी, आता हिचा ताप हाताला लागायचा नाही."
ॲव्हरेज वाढलं. डिकीत एक सूटकेस मावू लागली,
दिवे मात्र होते तसेच, मिणमिणते,
रात्री बायपासला मी कुणाला नेलं नाही.

तिसरीबद्दल काय सांगू. दिसायला बरी.
स्टिअरिंग करंगळीने फिरायचं
म्हणून पोरं करंगळीनेच फिरवायला लागली.
दार आता ठण्ण वाजत नव्हतं, धप्प वाजायचं,
आणि त्या धप्पाचे पैसे वेगळे लागले असणार.
मागे बसायचं तर गुडघे घरी ठेवून या.

चौथी आपले गियर आपणच बदलते.
बेल्ट विसरलात तर किणकिणते, सासुरवाशिणीच्या नणंदेसारखी.
चढावर थांबवली तर मागे सरकत नाही.
माझ्या पायाखालचा क्लच निघाला,
त्या जागेत मी पर्स ठेवते.

पण तू शास्त्री पुलाचं विचारलं नाहीस.

कालिंदी रेठरेकर, वय अठ्ठावन्न.
नवऱ्याची गाडी दोन वर्षं कव्हराखाली;
दर रविवारी कव्हर काढायची, पुसायची, परत घालायची.
दुसरी डबी होती. पुलाच्या मधोमध सगळं थांबलं,
मागे दुधाचा टेम्पो, हातभर अंतरावर.
आम्ही एक वीत मागे सरकलो.
माझा पाय ब्रेकवर. तिथेच असतो, पगार त्याचाच.
ती म्हणाली, "थांबा. मला ऐकू येतंय."
इंजिनाचा सूर किंचित खाली बसला,
बोनेट तसूभर वर आलं,
आणि मी, का कोण जाणे,
पाय उचलून सीटखाली ओढून घेतला.
टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढीना.
डबी तिथेच, ना पुढे ना मागे,
नुसती थरथरत,
मग चढली.

उतारावर कालिंदीबाईंनी इंडिकेटर दिला,
वळायचं नव्हतं कुठेच.

"म्हणजे दुसरी?" भाचा.
दुसरी आता कुठली मिळायला.
तू चौथीच घे. घरात तान्हं पोर आहे,
मागे सरकत नाही हे काही थोडं नव्हे.
फक्त पैसे भरण्याआधी
एकदा डाव्या सीटवर बस,
बायकोला पुलावरून नेऊ दे,
आणि बघ, तुझा उजवा पाय
रिकाम्या जमिनीवर काय शोधतो.