पस्तिसावा टोला

एकोणीस वर्षं मी या देवळाला येत होतो.
म्हणजे, देवळाच्या वाहनतळापर्यंत.
पांढऱ्या सदऱ्यातली चौतीस माणसं उतरवायची,
गाडी सावलीला, तोंड रस्त्याकडे,
बूट काढून पाय स्टिअरिंगवर,
आणि पन्नास मिनिटं.

वर काय आहे ते मी कानांनी ओळखायचो.
आधी काठ्यांच्या घुंगरांचा गलका,
मग झाडी तो गिळून टाकायची,
मग घंटा. जो पोचेल तो एक टोला देणार.
डोळे मिटून मोजायचो.
चौतीस झाले की समजायचं,
कोणाचा गुडघा वाटेत गेलेला नाही,
आता झोपायला हरकत नाही.

आज बारावा दिवस. चालत आलोय.
डाव्या टाचेला दोन फोड, एक फुटलेला.
पुलावर काठी टेकवायची नाही,
पुलाखाली दाइशी गुरू निजलेले असतात म्हणे.
याच पुलांवरून मी साठच्या वेगाने बस नेलीय.
काठी काखेत मारतो
आणि चोरासारखा पलीकडे जातो.

पायऱ्यांच्या तोंडाशी फुसाएबाईंचं उदोनचं दुकान.
तेच पिवळं छत, तीच वाफ,
कोपऱ्यात तीच खुर्ची, जिच्यावर माझी टोपी असायची.
त्यांनी ओळखलं नाही.
गणवेश नाही, दाढी वाढलेली, उन्हाने नाक सोललेलं.
‘यात्रेकरूबाबा, थांबा,’
आणि दोन संत्री हातावर.
पैसे काढू लागलो तर डोळे वटारले.
वाटसरूने दिलेलं नाकारायचं नसतं,
गाईड आजारी असली की माइकवरून मीच सांगायचो.
घेणाऱ्याच्या तळहाताला काय होतं
ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

बदल्यात नावाची चिठ्ठी द्यायची. दिली.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला:
‘कामोशिता हिदेत्सुगु.’
एकोणीस वर्षं मी नुसता ‘ड्रायव्हर-सान’.
‘चांगलं नाव आहे,’ म्हणाल्या,
चिठ्ठी खिडकीच्या चौकटीत खोचली
आणि कांद्याची पात चिरू लागल्या.
मीही बोललो नाही.
ओळख दिली असती तर
खुर्ची परत मागितल्यासारखं झालं असतं.

तीनशे बारा पायऱ्या.
हृदयसूत्र मला पाठ आहे, बसमधल्या कॅसेटमुळे.
कॅसेट जिथे अडकायची
तिथेच मी अजून अडकतो.
एक म्हातारे मास्तर दर वर्षी यायचे माझ्या गाडीतून.
एकदा विचारलं, वर आहे तरी काय?
‘वारा,’ म्हणाले.
मला वाटलं, थट्टा करताहेत.

वर वारा आहे.

घंटेचा ओंडका दोरांना टांगलेला.
कठड्यावरून खाली पाहिलं.
वाहनतळावर एक निळी बस, तोंड रस्त्याकडे.
बसचं छप्पर वरून मी कधी पाहिलंच नव्हतं:
पालापाचोळा, गंजाचा नकाशा,
कोणाचा तरी हरवलेला चेंडू.
पुढच्या काचेत दोन पांढरे ठिपके.
मोजे असणार.

तिची माणसं माझ्या पुढेच चढली होती,
एकेक टोला देऊन मंदिराच्या रांगेत गेली होती.
किती, ते मी मोजलं नाही.
माझ्याच धापांचा हिशेब लागत नव्हता.

ओंडका मागे ओढला.
हळू सोडला, जमेल तितका हळू,
निजलेल्याच्या अंगावर पांघरूण टाकावं तसा.
पण घंटा ती घंटा.

खाली ठिपके हलले.
दार उघडलं. एक माणूस मोज्यांनिशीच उतरला,
डोळ्यांवर हात धरून वर पाहत राहिला.
त्याची बोटं इथून दिसत नव्हती,
पण मला ठाऊक होतं,
तो पुन्हा पहिल्यापासून मोजतोय.