नमुना सत्तेचाळीस

धामकुंडच्या आखरावर
त्या पौषात मी एकशे बारा गायींच्या माना दाबल्या.
शीर अंगठ्याखाली फुगते,
सुई आत,
जांभळ्या बुचाची नळी भरते.
वर पट्टी: गवळाऊ, मादी, वय अंदाजे.
अंदाजे म्हणजे झिंगराजी सांगेल ते.
"ज्या साली बोराएवढी गार पडली, त्या सालची."

आदल्या वर्षी इथून लंपी गेली होती.
एका दावणीच्या, एका टाक्यावर पाणी पिणाऱ्या,
बहुधा एकाच माशीने चावलेल्या तिघी.
ढवळीच्या अंगभर सुपाऱ्या उठल्या,
पाय खांबासारखे सुजले, नवव्या दिवशी संपली.
तिची सख्खी बहीण मैनी दीड महिना रेंगाळली,
वाचली, पण आटली.
आणि कवडी,
एक शिंग वाकडं, दूध जेमतेम दोन लिटर,
बाजारात कुणी दात न पाहिलेली कवडी,
तिच्या कातडीवर पुरळसुद्धा आलं नाही.
लस तिघींना एकाच दुपारी टोचली होती. मीच.

"काहून?" झिंगराजीनं विचारलं
तेव्हा माझ्याजवळ नुसता बर्फाचा डबा होता.

मोडक्या बंडीच्या जुवावर बसून सांगितलं:
प्रत्येक पेशीच्या दारात एक खोबण असते.
आत घुसलेल्या चोराचा तुकडा
ती बाहेर धरून दाखवते, हा बघा,
मग पहारेकरी धावतात.
एक खोबण आईकडून, एक बापाकडून.
कुणाच्यात तुकडा घट्ट बसतो,
कुणाच्यातून निसटतो.
त्यानं जुवाच्या भोकात बोट घालून पाह्यलं.
"म्हंजे शिवळ. भोकापरमाणं."
हो, म्हटलं, शिवळच.
"मंग सगळ्याइले कवडीचंच भोक पाडून द्या नं."

इथे मी अडले.
कवडीच्या कानात गोचिडांची माळ असायची,
मैनीच्या कानात एक नाही.
आणि पुढचा चोर कुठल्या मापाचा येईल
हे नागपूरलाही ठाऊक नाही.
असं काहीतरी मी पुटपुटले.
तो आंबोण कालवायला उठला होता.

निकाल नऊ महिन्यांनी आला,
कापसाची पहिली वेचणी चालली होती.
जनुकाच्या एवढ्याशा तुकड्यात, पावणेतीनशे अक्षरांत,
एका कळपात एकोणीस तऱ्हा.
सत्तेचाळीसची एक तऱ्हा कुठल्याच यादीत नव्हती.
सर फोनवर दोनदा म्हणाले,
ती गाय जपा म्हणावं, विकू देऊ नका.

मी गाडी काढली.
"कवडी? थे तं पोळ्याच्या आंदीच गेली, मॅडम.
घोणस."
त्यानं बोटानं तुऱ्हाट्यांचा ढीग दाखवला,
जणू साप अजून तिथेच आहे
आणि मी त्याचाही नमुना घेईन.

म्हणजे आता कवडी नागपूरला आहे,
उणे ऐंशीत,
करंगळीच्या पेराएवढ्या नळीत.
कागदावर तिचं वाकडं शिंग नाही.

मागे एक कालवड होती.
पौषात दूधपिती म्हणून सोडली होती मी.
बाप कोण?
झिंगराजीनं रानाकडे हात केला, सगळ्या रानाकडे.
आईच्या दोन अक्षरमाळांपैकी एक हिच्यात उतरलेली,
ती नवी, की ती दुसरी,
रुपया उडवून पाहावा तसं.

मान दाबली. तिनं माझ्या पायावर पाय दिला.
नळी भरली. पट्टीवर लिहिलं एकशे तेरा,
तर देवकाबाई दारातून म्हणाली,
"नावबी ल्हा. कवडी."
ही पण?
"हे पण. हिची आजीबी कवडीच व्हती,
तिले घटसर्प झाला."

बर्फ वितळायच्या आत निघायला हवं होतं.
खरखरीत जिभेनं
ती माझ्या मनगटावरचं मीठ चाटत राहिली.