शून्य खुंटी

ग्रंथालयाच्या दालनात, काचेआड,
विद्यापीठाचा इतिहास एका फोटोपासून सुरू होतो:
चांदीचं फावडं, चार संस्थापक, मागं सोहारची सपाट वाळू.
खाली दोन भाषांत लिहिलंय,
इथं काहीच नव्हतं.

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात तिपाईची सावली पडली आहे.
ती माझ्या थिओडोलाइटची.
मी चौकटीबाहेर.

काहीच नव्हतं कसं?
खलफान बिन सईदची एकोणीस शेरडं होती,
गाफचं एक झाड होतं,
आणि विहीर. पाणी मचूळ, पण तिला नाव होतं.
दुर्रा मुहम्मद, माझा बलुची साखळीवाला,
तिच्या कठड्यावर खजूर ठेवायचा
आणि माश्यांना बलुचीत शिव्या द्यायचा.

झाड मी नकाशात दाखवलं होतं:
एक बारीक वर्तुळ, शेजारी उंची.
पुढच्या प्रतीत वर्तुळ तसंच राहिलं,
त्यात कारंजं आलं.

आता माझा व्हिसा संपायला नऊ दिवस.
आज शून्य खुंटी शोधायला आलो.
जिथून सगळं मोजलं: घुमट, मुलींचं वसतिगृह,
कुलगुरूंच्या खिडकीला किती समुद्र मिळावा, तेसुद्धा.
(इथली फी एकदा विचारली होती, ऋजुतासाठी.
ती रत्नागिरीला शिकली. बरं चाललंय तिचं.)

खुंटी वाहनतळात निघाली, एका पांढऱ्या गाडीखाली.
गुडघे टेकून बघत होतो तर पहारेकरी आला,
नेपाळी पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
काय पडलं, अंकल?
म्हटलं, काही नाही. उंची बघतोय.
त्यानंही वाकून बघितलं. बिचारा.

कारंज्यापाशी मुलींचं प्रात्यक्षिक चाललेलं.
एक अबाया सावरत दुर्बिणीला डोळा लावून,
दुसरी पट्टी धरून, तिरकी.
बबल बघ गं, मी म्हणालो. चक्क मराठीत.
तिनं बबल बघितला. स्क्रू फिरवला.
काय समजली कोण जाणे.

वहीत तिच्या पहिल्या ओळीला आकडा होता,
बी.एम. १२.४६०.
माझा. सत्तावीस वर्षांत
कुणी हात लावला नव्हता त्याला.

फाटकापर्यंत ताठ चालत गेलो.
तिथं थांबून आठवून पाहिलं,
टॅक्सी येऊन उभी राहिली तरी
विहिरीचं नाव काही आठवेना.